पुढून दोन इंच बुटकी

अशोक, बोट विकली. तुझी नाही, माझी.

लगेच जिंकल्यासारखा हसू नकोस. मापात माझीच बोट सरस होती आणि आजही आहे. ज्यांनी ती नेली त्यांनाही मी तेच सांगितलं.

चारचौघांत मी तुला अशोकराव म्हणत आलो. साडू म्हटल्यावर तसंच म्हणावं लागतं. पण मनात तू नेहमी नुसता अशोक होतास, आणि मनातल्या मनात मी तुझ्याशी जेवढा भांडलो तेवढा कुणाशीच भांडलो नाही. आता ‘राव’ लावून लिहिलं तर ते सगळं भांडण खोटं वाटेल.

तुला पोचवलं त्या दिवशी तापीच्या दोन्ही काठांवरची माणसं आली होती. ज्यांना तू कधीकाळी बोटीतून दवाखान्यात नेलं होतंस त्या पलीकडच्या म्हाताऱ्याही उन्हात बसून होत्या. मी मागे उभा होतो. माझ्या मनात आलं, माझ्या वेळी यातले किती येतील? अशा प्रसंगी असला विचार येऊ नये. आला. इतकी वर्षं तुझ्या बाबतीत मला पहिला विचार तोच यायचा, त्या दिवशी तरी तो का थांबावा?

हे सगळं त्या दोन बोटींपासून सुरू झालं, असं मी म्हणतो. मंगला म्हणते, आधीपासूनच होतं. बोटी आल्यावर दिसायला लागलं.

आपल्या सासऱ्यांना, आबांना, दोन मुलीच. थोरली मंगला माझ्या घरी वरणगावला, धाकटी निर्मला तुझ्या घरी, नदीकाठच्या केळीच्या मळ्यात. माहेर मात्र नदीपलीकडे. धरणाचं पाणी मागे पसरलं तशी उन्हाळ्यात बैलगाड्या जायची ती जुनी वाट बुडाली, आणि माहेरी जायचं म्हणजे भुसावळला जाऊन, एस.टी. बदलून, पुलावरून मोठा फेरा पडू लागला. त्याच सुमारास शिंदखेड्याकडे, आपल्याच तापीवर, एका संपलेल्या कामाचं जुनं सामान लिलावात निघाल्याचं माझ्या कानावर आलं. त्यात ॲल्युमिनियमच्या दोन मोटारबोटी होत्या. कुटुंब बसेल एवढ्या, मागे मशीन टांगायच्या. दोन घरांना दोन घ्याव्यात असं ठरलं. कुणाची कोणती, एवढाच प्रश्न होता, आणि आबांनी तो रीतीप्रमाणे सोडवला: थोरल्या जावयांनी आधी निवडावी, उरेल ती धाकट्यांची.

मी कारखान्यात तपासणी खात्यातला माणूस. पत्र्याची जाडी, भोकाचा व्यास, हेच माझं रोजचं काम. शिंदखेड्याकडे बोटी बघायला मी टेप आणि व्हर्नियर घेऊनच गेलो होतो. दोन्ही बोटी एकाच कारखान्यातल्या, एकाच घडणीच्या, दोघींच्या पुढच्या फळीवर बसणाऱ्याचं तोंड चालवणाऱ्याकडे. रंग उडालेला सुद्धा सारखाच. तिथला राखणदार मला बघून वैतागला. म्हणाला, “दोन्ही सारख्याच शेतस भाऊ, एवढं काय मोजी ऱ्हायनात?”

सारख्या नव्हत्या. एक पुढच्या नाकाला दोन इंच उंच होती. दुसरीचं नाक कधीतरी आपटून बसलं असावं, किंवा बनवतानाच तसं झालं असावं. मग मी दोघींना लाकडी ठोकळ्यांवर चढवायला लावलं आणि त्यांच्यात बादल्यांनी पाणी भरलं. आत पाणी घातलं की बाहेर कुठे ठिबकतं ते दिसतं, आणि तिथला रिव्हेट ढिला हे समजतं. उंच नाकाची बोट ठणठणीत निघाली. बुटकीच्या बुडाला पाच-सहा ठिकाणी पाणी पाझरत होतं.

तू कडुनिंबाखाली विडी ओढत बसला होतास. म्हणालास, “भाऊ, नावेत पाणी भरून बघणारा पहिला माणूस तुम्ही. बाकीचे लोक पाण्यात नाव घालतात.”

राखणदार एवढा हसला की त्याच्या हातातली किल्ली पडली. मी तुला गंभीरपणे समजावलं की बुटकीचं नाक खाली आहे, वेगात पाणी आत उडेल. तू म्हणालास, “उडू द्या की भाऊ. पाणीच आहे.”

मी उंच नाकाची निवडली. तू ‘बरं’ म्हणालास. मला वाटलं होतं तू थोडा खट्टू होशील, निदान एकदा तरी म्हणशील की भाऊंनी चांगली ठेवून घेतली. तुझ्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तू उठलास आणि त्या गळक्या बोटीच्या नाकावर थाप मारलीस, नवीन घेतलेल्या म्हशीला मारतात तशी. तिथंच मला पहिल्यांदा टोचलं. दिवसभर मोजून निवडलेली बोट माझी होत नव्हती, आणि न निवडता मिळालेली तुझी होऊन बसली होती.

येताना दोन्ही बोटी ट्रकवर उपड्या घालूया असं मी म्हणत होतो. तू तुझी सुलटी ठेवलीस आणि तिच्यात झोपून आलास. नरडाण्यापासून धुळ्यापर्यंत मी ड्रायव्हरजवळ बसून मागच्या दोऱ्यांची काळजी करत होतो. धुळ्याला चहाला थांबलो तेव्हा कुणीतरी वर बघून विचारलं, कुठं पूर आला का? तू बोटीतून डोकं काढून सांगितलंस, “यायचा आहे. लवकर बसून घ्या.” धुळ्याच्या त्या कोरड्या उन्हात सगळा चहाचा ठेला हसला. चहावाल्यानं तुझा चहा बोटीत वर नेऊन दिला. माझा मी काउंटरवरून आणला.

मग अक्षय तृतीया आली, आपली आखाजी.

आखाजीला लेक आपण होऊन माहेरी जात नाही. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं, त्याला आपण मुऱ्हाळी म्हणतो. आबा थकलेले, आणि घरात भाऊ नाही. नवरा स्वतःच्या बायकोचा मुऱ्हाळी होऊ शकत नाही. तेव्हा सासूबाईंनी तोड काढली: थोरल्या जावयांनी धाकटीला आणावं, धाकट्यांनी थोरलीला. दोन जावई दोन दिवसांपुरते भाऊ झाले. ही रीत आपल्या घराबाहेर कुणी पाळत असेल असं मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून दर आखाजीला माझी बायको तुझ्या बोटीतून माहेरी गेली आणि तुझी बायको माझ्या.

माझ्या बोटीत शिस्त होती. किती माणसं बसवायची तो आकडा मी आतल्या बाजूला रंगानं लिहिला होता. निर्मला मधोमध, तिची पिशवी एका बाजूला, डब्याची बुट्टी दुसऱ्या बाजूला, तोल बघून. पलीकडे उतरताना तिच्या पदराला थेंब लागलेला नसायचा. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, थोरले जावई पोरीला कशी कोरडी आणतात बघा. हे ऐकायला मला आवडायचं.

पण तोपर्यंत तुझी बोट काठाला लागलेली असायची, किंवा मागून येत असायची. आणि मंगला हसत असायची. तोंडावर पदर घेऊन, डोळे मिटून, लहान मुलीसारखी. उतरल्यावरही तिचं हसू ओसरायला वेळ लागायचा. लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसलेल्या पोरी झोका सोडून तुझ्या बोटीकडे पळायच्या. माझ्या बोटीकडे आबा यायचे, दोरी नीट बांधली का बघायला.

मी मंगलाला विचारायचो, काय सांगत होते अशोकराव? ती म्हणायची, काही नाही. मग हसत कशाला होतीस? म्हणायची, “तसंच. तुम्हाला नाही कळायचं.”

मला संशय नव्हता, हे तुला सांगायला नको. मंगला तुला राखी बांधायची आणि तू ती पुढच्या राखीपर्यंत मनगटावर कुजू द्यायचास. संशय असता तर बरं झालं असतं, त्याची शहानिशा तरी करता येते. मला नुसता हेवा होता. माझ्या घरात ती कधी अशी हसली नव्हती. आणि मी ठरवून टाकलं होतं की तुम्ही दोघं मला हसता. माझ्या टेपला, माझ्या लिहिलेल्या आकड्याला, बादल्यांना. वाटेत तू माझी नक्कल करत असशील, राखणदाराची गोष्ट दरवर्षी नव्यानं सांगत असशील. तू नक्कल छानच करायचास. आबांची करायचास, पुजाऱ्याची करायचास. माझी कधी केलीस हे मी पाहिलं नाही, त्यामुळे माझ्या पाठीमागे करत असणार याची मला खात्री होती.

एका आखाजीला वारा सुटला होता आणि ऐन मधोमध माझं मशीन बंद पडलं. निर्मला बोटीत होती. दोरी ओढून ओढून माझ्या हाताला फोड आले. तू मंगलाला पलीकडे पोचवून उलटा फिरलास, दोर टाकलास आणि मला ओढून नेलंस. गाव दिसायच्या आधी, जिथं काठ वळतो तिथं, तू दोर सोडलास. म्हणालास, “आता वल्ही मारा भाऊ, वारा मागून आहे.” आणि तू दुसरीकडून निघून गेलास. काठावरच्यांना दिसलं ते एवढंच की थोरले जावई वाऱ्यात वल्हवत आले. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. तू बाजूला उभा राहून खरबूज, आपलं डांगर, खात होतास.

निर्मलानंही कुणाला सांगितलं नाही. तू बजावलं असशील. त्या दिवशी मी तुझे आभार मानले नाहीत. मला आठवतं, मी बराच वेळ एवढाच विचार करत होतो की दोर वळणाआधी सोडावा हे माणसाला सुचतं कसं? मला सुचलं नसतं. मी तुला काठापर्यंत नीट, सुरक्षित ओढत आणलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. आज आभार मानतो. घे.

त्यानंतर तू दरवर्षी म्हणायला लागलास, “भाऊ, एका आखाजीला बदलून बघू. तुम्ही माझी न्या, मी तुमची नेतो.” मी कधी रॉकेल जास्त खाते म्हणून टाळलं, कधी तुझे रिव्हेट ढिले आहेत म्हणून. तू दर उन्हाळ्यात ती उपडी घालून एकेक रिव्हेट ठोकून घट्ट करायचास, तरी मी जुनंच कारण सांगायचो. तुझ्या बोटीत मी एकदाही पाय ठेवला नाही. पलीकडे लग्न असो की मयत, माझी बोट दुरुस्तीला असली तर मी पुलावरून गेलो. तुला ते कळत होतं. एकदा भर उन्हात मी एस.टी.नं फेरा मारून घामाघूम होऊन पोचलो तर तू पाण्याचा तांब्या देत एवढंच म्हणालास, रस्ता मोजून आलात का भाऊ?

शेवटचं बोलणंही तेच. तू ओट्यावर बाजेवर पडून होतास, आवाज खोल गेला होता. मी तब्येतीचं विचारत होतो आणि तू बोटीचं बोलत होतास.

“एकदा बसा तरी तिच्यात,” तू म्हणालास.

“तुम्ही बरे व्हा, मग बसतो.”

“तेवढ्यासाठी बरं व्हायला लावता?”

मी हसलो. तू मात्र माझ्याकडे बघत राहिलास. पुढे काहीतरी सांगायचं असावं असं वाटलं, पण निर्मला औषध घेऊन आली आणि विषय बदलला.

दिवसकार्य उरकल्यावर निर्मलानं मला बोलावलं. म्हणाली, “भाऊजी, दोन बोटी आता कोण सांभाळणार? एक ठेवा, एक काढून टाका. कोणती ते तुम्हीच ठरवा. तुम्हाला मोजता येतं.” वरच्या अंगाच्या गावातले मासेमारी करणारे लोक एक बोट शोधत होते, त्यांना तिनं येत्या बाजाराच्या दिवशी या म्हणून कळवलंही होतं.

म्हणजे तीच निवड पुन्हा माझ्यावर आली. या वेळी मात्र दोन्ही घरांत मिळून एकच ठेवायची होती.

मी दोन्ही बोटी काठावर घेतल्या, ठोकळ्यांवर चढवल्या आणि पाणी भरलं. तू नव्हतास म्हणून कुणी हसलं नाही. माझ्या बोटीला दोन ठिकाणी थेंब धरले. तुझी कोरडी. बुडाखाली हात फिरवला, कुठंच ओल नाही. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. गेल्यावरसुद्धा तू माझ्याच परीक्षेत माझ्या पुढे होतास.

पण बाकीची मापं माझ्या बाजूनं होती. माझी बोट ओझं जास्त घेते, रॉकेल कमी पिते, वाऱ्यात सरळ चालते, आणि नाक दोन इंच उंच. दोन रिव्हेट ठोकणं म्हणजे एका दुपारचं काम. मी ठरवलं: माझी ठेवायची, तुझी द्यायची. अगदी शांतपणे ठरवलं. खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं, की आता काठावर एकच बोट दिसेल आणि ती माझी असेल.

निर्मलाला चार दिवस माहेरी न्यायचं होतं. दुःखात लेकीला माहेरी नेतात, आणि तिला न्यायचं काम नेहमी माझंच. मंगलाही सोबत निघाली. माझी बोट उपडी पडलेली, रिव्हेट अर्धे ठोकलेले. गळकी बोट मी माणसं बसवून पाण्यात घालत नाही, हे तुला माहीत आहे. पुलावरून न्यावं तर निर्मलाच्या अंगात एवढा प्रवास करायचं बळ नव्हतं.

तेव्हा मी तुझ्या बोटीत बसलो. मागे, तुझ्या जागेवर. बसायला तू केळीच्या वाळल्या पानांची उशी करून ठेवली होतीस, तुझ्या बसण्यानं ती एका बाजूला दबली होती. त्या दबलेल्या बाजूला मला नीट बसता येईना. दोघी बहिणी पुढच्या फळीवर, माझ्याकडे तोंड करून, मान खाली घालून बसल्या. ऊन असं की ॲल्युमिनियमला हात लावता येत नव्हता. मी मशीन सुरू केलं, काठापासून दूर नेऊन थोडा वेग घेतला.

बोटीचं नाक लाटेवर आपटलं आणि पाण्याचा एक फवारा मागून दोघींच्या मानेवर, पाठीवर आला. गार पाणी, त्या उन्हात. मंगला अंग चोरून दचकली. पुन्हा आपटलं, पुन्हा फवारा. तिनं डोळे मिटले, तोंडावर पदर घेतला, आणि तिला हसू फुटलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, दाबता येईना. निर्मलानं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिला काय वाटेल! निर्मलाही हसली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि रडताना पाणी अंगावर आलं की पुन्हा हसल्या.

मी वेग कमी केला. मंगलानं तशीच मान हलवून सांगितलं, असू द्या.

थोड्या वेळानं निर्मला डोळे पुसत म्हणाली, “भाऊजी, तुमच्या बोटीत मी दरवर्षी कोरडी जायची ना, तर हे म्हणायचे, भाऊंच्या बोटीतून तू भाकरीसारखी शेकून येतेस.”

“मग मला सांगायचं होतं.”

“मीच म्हणायची, नका सांगू. त्यांनी किती जपून आणलेलं असतं.”

दोन इंच. मी माझ्या हातानं मोजले होते आणि दोष म्हणून धरले होते. ना नक्कल होती, ना राखणदाराची गोष्ट. तुम्ही कुणी मला हसत नव्हता. वैशाखाच्या उन्हात मानेवर गार पाणी येत होतं आणि माझी बायको हसत होती, म्हणून ती म्हणायची, काही नाही. खरंच काही नव्हतं. एवढी वर्षं मी ज्या गोष्टीवर जळलो ती एवढीच होती हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. पण मी सुकाणू धरून मागे बसलो होतो आणि माझ्या अंगावर एक थेंबही येत नव्हता. मागे पाणी येतच नाही. म्हणजे तूही कधी भिजला नाहीस. तू फक्त इथं बसून बघत होतास. मंगलाचा तो चेहरा दर आखाजीला समोरून, एवढ्या जवळून बघायला तुला मिळाला, आणि मला काठावरून.

आता सांग, हेवा कमी झाला की वाढला?

बाजाराच्या दिवशी मासेमारीवाले आले. मी माझी बोट दाखवली. पाणी भरून दाखवलं, मापं सांगितली. त्यांच्यातला एक म्हातारा दोन्हींकडे बघून म्हणाला, “साहेब, खरं सांगा, यातली चांगली कोणती?”

“तुम्ही नेताय ती.”

“मग ही बुटकी कशाला ठेवताय?”

मी म्हटलं, ती माझ्या साडूची आहे. त्यांनी बोट पाण्यात ढकलली. आत मी रंगवलेला आकडा दिसत होता. त्याहून दोन माणसं जास्त बसवून ते निघून गेले आणि बोट सरळ, डौलात गेली. मी म्हणत होतो ना, ओझं जास्त घेते.

आता आखाजी आली आहे. निर्मला यंदा माहेरी येणार नाही. ती चार दिवस राहून परतली आहे, पितरांच्या पूजेला तुझ्या नावाची घागर तुमच्या घरी भरायची आहे, तिच्यावर ठेवायचं डांगर तुझ्याच मळ्याशेजारचं आहे. माझं मुऱ्हाळीपण यंदा सुटलं. काल मंगला भांडी लावता लावता म्हणाली, “मला न्यायला आता कोण येणार?” माझ्याकडे न बघता म्हणाली. नवरा मुऱ्हाळी होत नाही, हे दोघांनाही ठाऊक.

मी म्हटलं, “अशोकची बोट येईल. चालवणारा कोण आहे ते बघू नकोस.”

ती पुढच्या फळीवर बसेल, माझ्याकडे तोंड करून. मी वेग वाढवीन. पाणी उडेल आणि ती डोळे मिटून हसेल. डोळे मिटलेले असतील तोवर तिच्या समोर तूच बसलेला असशील, अशोक. ते मला चालवून घ्यावं लागेल. पण डोळे ती कधीतरी उघडेलच.